वाटा आणि कुळ : ‘मंगोलांच्या गुप्त इतिहासा’तील विधींचा अर्थ

मध्ययुगीन मंगोल भटक्यांच्या धर्मविधींविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले व शिकविले जाते, त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम आकाशदेव तेंग्री, मग पर्वत व जलाशय यांच्या अधिदेवता, मग अग्नीने होणारी शुद्धी, उंबरठ्याचा विटाळ, नमद्याच्या बाहुल्या आणि अखेरीस अंगात येणारा ‘शामन’. या यादीतील एकही गोष्ट खोटी नाही. तथापि ती यादी कोणी केली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तिच्यातील बहुतेक बाबी १२४५ ते १२४७ या काळात प्रवास केलेला इटालियन संन्यासी कार्पिनी आणि १२५३ ते १२५५ मध्ये काराकोरमपर्यंत गेलेला फ्लेमिश संन्यासी रुब्रुक यांच्या वृत्तांतांतून आलेल्या आहेत. पाहुण्याला यजमानाच्या घरात प्रथम निषेधच कळतात, कारण त्याच्याकडून नकळत मोडले जातात ते निषेधच. घरच्या माणसाला विधी कशासाठी असतो, हे मात्र त्या यादीवरून समजत नाही.

घरच्या माणसाची साक्ष सुदैवाने उपलब्ध आहे. ‘मोंग्गोल-उन निउचा तोब्चियान’, म्हणजे मंगोलांचा गुप्त इतिहास, हा मंगोल भाषेतील सर्वांत जुना ज्ञात मोठा ग्रंथ. तो मूषकवर्षी केरुलेन नदीकाठच्या कोदेए-अराल येथे भरलेल्या महासभेच्या वेळी लिहून पूर्ण झाला, असे त्याच्या अखेरीस म्हटले आहे. हे मूषकवर्ष १२२८, १२४० की १२५२, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनास त्या वादाची फारशी गरज नाही. या ग्रंथात विधींचे वर्णन फार थोडे, पण विधींवरून झालेले तंटे पुष्कळ आहेत. हे तंटे एकत्र वाचले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते: या समाजात विधी हा प्रथमतः श्रद्धेचा आविष्कार नसून कुळाची मोजणी आहे. कोणाच्या पुढ्यात वाटा पडला आणि कोणाच्या पडला नाही, यावरून कोण आपला आणि कोण परका हे ठरते.

या ग्रंथाची प्रत आपल्यापर्यंत आली ती भाषाशिक्षणाच्या निमित्ताने, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष सुखावणारी आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, मिंग राजवटीत, दुभाष्यांना मंगोल भाषा शिकविण्यासाठी हा ग्रंथ चिनी अक्षरांत ध्वनिशः उतरविण्यात आला. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा चिनी अर्थ देण्यात आला आणि प्रत्येक परिच्छेदाखाली सारांशरूप चिनी भाषांतर जोडण्यात आले. असे एकूण २८२ परिच्छेद आहेत. पल्लादी काफारोव या रशियन पंडिताने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले भाषांतर या सारांशावरून केलेले होते. मूळ मंगोल पाठावर आधारलेली भाषांतरे पुढे आली: हेनिश यांचे जर्मन आणि कोझिन यांचे रशियन १९४१ मध्ये, पेलियो यांचे अपूर्ण फ्रेंच त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये, क्लीव्ह्ज यांचे इंग्रजी १९८२ मध्ये आणि द राखेविल्ट्स यांचे विस्तृत टीपांसह २००४ मध्ये. सारांश करणाऱ्याला कथा हवी असते, विधीचे शब्द नको असतात. म्हणून ज्याला विधी समजून घ्यावयाचा आहे त्याने सारांश बाजूला ठेवून शब्दाशेजारच्या चिनी अर्थांकडे आणि त्यांच्याही पलीकडे मूळ शब्दाकडे गेले पाहिजे.

सत्तराव्या परिच्छेदापासून आरंभ करू. तेमूजिनाचा, म्हणजे भावी चंगीझखानाचा, पिता येसुगेई याला तातारांनी मेजवानीत विष घातले. तहानलेल्या येसुगेईने वाटेत तातारांची पंगत दिसताच तेथे उतरून पेय घेतले आणि तोच त्याचा घात ठरला. विधवा होएलून लहान मुलांसह मागे राहिली. त्या वसंतऋतूत अंबाकाई खानाच्या दोघी विधवा, ओर्बेई आणि सोकाताई, पूर्वजांना अन्न अर्पण करण्याच्या विधीसाठी गेल्या. होएलून उशिरा पोहोचली आणि तिच्यासाठी वाटा ठेवलेला नव्हता. तिने जाब विचारला: येसुगेई मेला आणि माझी मुले अजून वाढावयाची आहेत, म्हणून थोरांच्या वाट्यातून मला वगळता काय? दोघी विधवांनी तिला तोडून उत्तर दिले आणि या माय-लेकरांना तळावर टाकून पुढे निघावे, असे आपसांत ठरविले. दुसऱ्याच दिवशी ताईचिउत लोकांनी ओनोन नदीच्या कडेने तळ हलविला. अडवावयास गेलेल्या वृद्ध चाराकाच्या पाठीत भाला खुपसण्यात आला.

हा प्रसंग सामान्यतः दोन मत्सरी बायकांच्या भांडणाचा म्हणून वाचला जातो. तसे वाचणे म्हणजे क्रम उलटा लावणे होय. आधी पूर्वजांच्या अन्नातून वगळणे आणि मग तळावरून वगळणे, असा ग्रंथाचा क्रम आहे, आणि तो निर्हेतुक नाही. तळ हलविणे हा परिणाम होता; निर्णय विधीच्या जागी, वाटा न ठेवून, आधीच जाहीर झाला होता. होएलून ते तत्काळ ओळखते. तिच्या तक्रारीत भुकेचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी तळ हलविताना तुम्ही मला उठविणारही नाही, असे ती म्हणते. वाटा गेला की वाटचालीतील सोबतही गेली, हे तिला सांगावे लागत नाही.

येथे तिच्या तोंडी तीन शब्द आहेत: केशिग, बिलेऊर आणि सारकुद. शेवटचे दोन अर्पण केलेल्या अन्नपेयाच्या उरलेल्या भागासंबंधी आहेत, पण त्यांच्या नेमक्या अर्थाविषयी एकमत नाही. पहिल्याचा अर्थ मात्र स्पष्ट आहे: वाटा, हिस्सा. आजच्या मंगोल भाषेत याच शब्दाचे रूप ‘खिशिग’ असे आहे आणि त्याचा अर्थ कृपा, भाग्य, बरकत असा होतो. वाट्यापासून भाग्यापर्यंतचा हा अर्थविस्तार मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘भाग’ आणि ‘भाग्य’ यांच्यामध्ये तोच प्रवास आपल्या भाषेत घडला आहे आणि ‘वाट्याला येणे’ हा आपला प्रयोग त्याच मार्गावरचा आहे. दोन्ही भाषाकुळांचा एकमेकांशी संबंध नाही. येथे उसनवारी नाही, साम्य विचारप्रक्रियेचे आहे. परंतु ते साम्य एवढे सूचित करते की, केशिगचा अनुवाद ‘प्रसाद’ असा करण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रसाद भक्ताला मिळतो, आणि भक्त कोणीही असू शकतो. केशिग हक्काने मिळतो, आणि हक्क कुळातून येतो.

याच दृष्टीने चव्वेचाळिसावा परिच्छेद पाहावा. चंगीझखानाचा पूर्वज बोदोन्चार याच्या घरी हुंड्यासोबत आलेल्या एका स्त्रीला जोउरेदेई नावाचा मुलगा झाला. बोदोन्चार जिवंत असेपर्यंत हा मुलगा ‘जुगेली’ नावाच्या विधीत, म्हणजे खांबावर मांस टांगून केल्या जाणाऱ्या अर्पणात, सहभागी होत असे. बोदोन्चार मेल्यानंतर, घरी एक उरियांगखाई माणूस नेहमी येत असे, हा त्याचा मुलगा असावा, असे म्हणून त्याला जुगेलीतून घालवून दिले गेले. त्याच्यापासून पुढे जेउरेयित नावाचे वेगळे कुळ निघाले. ग्रंथकार ही हकिकत दोन-तीन वाक्यांत संपवितो. मांस कोणत्या प्राण्याचे, खांब किती उंच, मंत्र कोणते, यांपैकी काहीच तो सांगत नाही. त्याच्या श्रोत्यांना ते ठाऊकच होते. सांगण्याजोगे त्याला एकच वाटले: कोण आत होता आणि कोण बाहेर पडला. मराठीत याला ‘पंक्तिबाह्य’ असा चपखल शब्द आहे, पण एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे वाळीत टाकलेला मनुष्य आपले कुळनाव घेऊन वाळीत जातो. जुगेलीतून निघालेला मनुष्य स्वतःच नव्या कुळाचा मूळपुरुष होतो.

वाटपाचा हा नियम विधीच्या जागेपुरता राहत नाही. टाकून दिलेली होएलून ओनोनच्या काठी रानफळे वेचून, मुळे खणून मुलांना वाढविते. तेथे तेमूजिन आणि धाकटा कासार यांनी पकडलेला मासा सावत्र भाऊ बेक्तेर आणि बेल्गुतेई हिसकावून घेतात. यापूर्वी त्यांनी एक पक्षीही असाच नेलेला असतो. आई समजूत घालते, पण दोघे भाऊ बाहेर पडतात आणि बेक्तेरला बाणांनी मारून टाकतात. एका माशासाठी भावाचा खून, असे म्हणून आधुनिक चरित्रकार येथे तेमूजिनाचे क्रौर्य शोधतात. क्रौर्य आहेच. पण ज्या मुलांना कुळाच्या वाट्यातून वगळले गेले, त्यांच्यात उरलेल्या एकुलत्या एका घराचा वाटा मोडणारा भाऊ भाऊ राहिला नव्हता, असेही ग्रंथ सुचवितो. सत्तर आणि सत्त्याहत्तर या परिच्छेदांमधील अंतर फार थोडे आहे, हे वाचकाने विसरू नये.

पुढे ओनोनच्या वनात जुर्किन कुळासमवेत मेजवानी होते (परिच्छेद १३०). वाढपी शिकिउर याने एक घडा ओतताना आरंभ साचा-बेकीच्या धाकट्या आईपासून केला. आमच्यापासून का नाही, म्हणून कोरिजिन आणि कुउर्चिन या दोन थोर स्त्रियांनी त्याला बदडून काढले. थोड्या वेळात बेल्गुतेईच्या खांद्यावर वार झाला, लोकांनी झाडांच्या फांद्या मोडल्या, कातडी पिशव्यांतल्या घुसळण्याच्या रव्या ओढून काढल्या आणि मारामारी जुंपली. विनोदी वाटावा असा हा प्रसंग आहे. पण त्यातून सुरू झालेले वैर जुर्किन कुळाच्या नाशापर्यंत गेले. आणि स्वतः चंगीझखानाने हे शस्त्र आपल्या भावावरच चालविले. तातारांच्या कत्तलीची गुप्त मसलत बेल्गुतेईने बाहेर फोडली, तेव्हा त्याला शिक्षा झाली ती अशी: यापुढे महामसलत संपल्यावर आणि ‘ओतोग’ नावाचे विधिपेय पिऊन झाल्यावरच बेल्गुतेई व चुलता दाअरिताई यांनी आत यावे (परिच्छेद १५४). फटके नाहीत, दंड नाही. पेयातला वाटा गेला, एवढेच. ज्याच्या आईला वगळले गेले होते त्याला वगळण्याची किंमत चांगली ठाऊक होती.

आता ‘अंदा’कडे वळू. या बाबतीत प्रस्तुत लेखकाला स्वतःची एक चूक मान्य करावयाची आहे. अनेक वर्षे वर्गात तेमूजिन आणि जामूखा यांना मी ‘रक्तबंधू’ म्हणत आलो. इंग्रजी पुस्तकांतील रूढ शब्दाचे ते भाषांतर होते, आणि विद्यार्थ्यांच्या मनात त्यामुळे मनगट कापून रक्त मिसळणाऱ्या दोन वीरांचे चित्र उभे राहिले असणार. मूळ पाठ लक्षपूर्वक वाचला तर या दोघांच्या अंदा होण्यात रक्ताचा थेंबही आढळत नाही (परिच्छेद ११६ व ११७). तेमूजिन अकरा वर्षांचा असताना ओनोनच्या बर्फावर खेळता खेळता दोघांनी घोट्याची हाडे अदलाबदल केली. एक रानहरणाचे, दुसरे तांब्याचे. नंतरच्या वसंतात जामूखाने शिंगाचा, शीळ घालणारा बाण दिला आणि तेमूजिनाने लाकडी टोकाचा बाण परत दिला. मोठेपणी, कोर्कोनाक-जुबुर येथे, एका डेरेदार झाडाजवळ तिसऱ्यांदा हा संबंध दृढ झाला, तेव्हा मेर्कितांकडून लुटलेले सोन्याचे पट्टे आणि घोडे यांची देवघेव झाली. मेजवानी झाली आणि रात्री दोघे एका पांघरुणाखाली झोपले.

रक्त या ग्रंथात शपथेसाठी येते, पण दुसऱ्या नात्यात. ओंग-खान पश्चात्ताप होऊन करंगळीचे टोक कापतो, रक्त भूर्जसालीच्या लहानशा डबीत धरतो आणि ती ‘मुलाला’ द्या म्हणून तेमूजिनाकडे पाठवितो (परिच्छेद १७८). ते नाते पिता-पुत्राचे मानलेले होते. अंदापण रक्ताचे असते तर ते वेगळ्या शब्दाने ओळखण्याची गरजच पडली नसती. ते देवघेवीचे आहे, म्हणजे पुन्हा वाट्याचे. आणि जामूखाच्या बाबतीत त्याची गरज का होती, हेही ग्रंथ आरंभीच सांगून ठेवतो: जामूखाचे जादारान कुळ बोदोन्चारने पळवून आणलेल्या गर्भवती स्त्रीच्या मुलापासून निघाले, आणि ‘जाद’ म्हणजे परका, असा त्या नावाचा उलगडा खुद्द ग्रंथच करतो. जो जन्माने पूर्णपणे आपला नव्हता त्याला वस्तूंच्या वाट्याने आपला करावयाचे होते. ‘रक्तबंधू’ या शब्दाने नेमका हा ताण पुसला जातो. मराठीत ‘अंदा’ हाच शब्द ठेवावा, असे आता माझे मत आहे. ज्यांनी माझ्या वर्गातील जुन्या टिपणांवर विसंबून लिहिले असेल, त्यांनी ती दुरुस्त करावीत.

पट्ट्यांच्या देवघेवीचा अर्थही येथेच लागतो. मेर्कितांच्या हल्ल्यातून बुर्खान-खाल्दून पर्वताने वाचविले, तेव्हा तेमूजिन पट्टा गळ्यात अडकवितो, टोपी हाती घेतो, सूर्याकडे तोंड करून छाती बडवीत नऊ वेळा गुडघे टेकतो आणि पेय शिंपडतो. १२२९ मध्ये ओगेदेईच्या राज्यारोहणाच्या वेळी जमलेल्यांनी टोप्या काढून पट्टे खांद्यावर टाकले, असे जुवेनी हा फारसी इतिहासकार लिहितो. आजच्या मंगोल भाषेत स्त्रीला ‘बुस्गुई’, म्हणजे शब्दशः ‘पट्टा नसलेली’, म्हणतात. पट्टा सोडणे म्हणजे स्वाधिकार सोडणे. मग तो दुसऱ्याच्या कमरेला बांधणे किती मोठी गोष्ट, हे वेगळे सांगावयास नको. दीड वर्षातच हे दोन अंदा विभक्त झाले.

‘शामन’ या शब्दाविषयी थोडक्यात. हा शब्द मंगोल नाहीच. तो सैबेरियातील तुंगूस भाषांतून रशियनमार्गे युरोपात गेला. मंगोल शब्द ‘बोए’, तुर्की ‘काम’. रुब्रुकने हा ‘काम’ ऐकला आणि राज्यकारभार ज्योतिषावर चालतो म्हणून राजांनाही तेच नाव पडले, अशी व्युत्पत्ती बसविली; म्हणजे ‘खान’ आणि ‘काम’ यांची गल्लत केली. रुब्रुक हा अत्यंत चिकित्सक निरीक्षक होता, तरी कानाने त्याला दगा दिला. बोए ग्रंथात आहेत. १२३१ मध्ये ओगेदेई उत्तर चीनमध्ये आजारी पडला, तेव्हा तेथील भूमी व जल यांच्या अधिपतींचा कोप झाल्याचे त्यांनीच सांगितले, आणि धाकटा भाऊ तोलुई याने मंत्रवलेले पाणी पिऊन स्वतःला ‘जोलिआ’, म्हणजे बदली, म्हणून अर्पण केले. पण विधीचा मान कोणाला द्यावा, हे चंगीझखान अंगात येण्यावरून ठरवीत नाही. १२०६ मध्ये बाआरिन कुळातील वृद्ध उसून याला तो ‘बेकी’ करतो, पांढरे वस्त्र, पांढरा घोडा आणि उच्चासन देतो, आणि कारण सांगतो ते हे की बाआरिन ही बोदोन्चारच्या वंशातील वडील शाखा होय. याउलट स्वर्गारोहणाचा दावा करणारा कोकोचू उर्फ तेब-तेंगेरी भावांत फूट पाडू लागला, तेव्हा त्याचा पाठीचा कणा मोडण्यात आला. वंशक्रमातून आलेला विधी टिकला. वंशक्रम मोडू पाहणारा टिकला नाही.

प्रवाशांवर अन्याय होऊ नये. उंबरठ्यावर पाय पडला म्हणून रुब्रुकचा सोबती बार्तोलोमेओ पकडला गेला. अशा माणसांनी निषेधांची यादी करावी हे साहजिकच आहे. आणि रुब्रुकने एक फार मोलाची गोष्ट टिपली आहे. गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, यजमानाच्या डोक्यावर टांगलेल्या नमद्याच्या बाहुलीला ‘यजमानाचा भाऊ’ म्हणत आणि यजमानिणीच्या डोक्यावरील बाहुलीला ‘तिचा भाऊ’. कुमिस पिण्यापूर्वी तो प्रथम या भावांवर शिंपडला जाई. मूर्तिपूजा म्हणून नोंदविलेल्या या वाक्यात नात्याचा शब्द आहे आणि पहिला वाटाही आहे. नोंदविणाऱ्याला त्याचे महत्त्व जाणवले नाही, इतकेच.

या प्रतिपादनाला मर्यादा आहे, ती लपवू नये. गुप्त इतिहास हा राजकुळाचा ग्रंथ आहे. वंशक्रम हीच त्याची चिंता असल्याने त्याला प्रत्येक विधीत वंशक्रम दिसणे स्वाभाविक आहे. मेंढपाळाच्या तंबूत आजारी मुलासाठी बोएला बोलावले जाई तेव्हा काय होत असे, हे त्यातून कळत नाही. तोलुईच्या बलिदानाचा प्रसंगही त्याच्या पुत्रांनी सिंहासन मिळविल्यानंतर रंगविला गेला असावा, असा काही अभ्यासकांचा संशय आहे. तोलुई ते पाणी एकटा पितो. तेथे वाटा नाही. तो प्रसंग माझ्या सूत्रात बसत नाही, आणि ओढूनताणून बसविण्यात अर्थ नाही.

अखेरीस एक उत्तरकालीन साक्ष, जिचा आपल्या देशाच्या इतिहासाशी दूरचा संबंध आहे. १५०२ च्या सुमारास तरुण बाबर आपला मामा महमूदखान याच्या मंगोल सैन्यात होता. ध्वजपूजेचा विधी त्याने जवळून पाहिला आणि पुढे आपल्या तुर्की आत्मवृत्तात लिहून ठेवला. नऊ ध्वज उभारले गेले, गाईच्या हाडाला पांढऱ्या कापडाची लांब पट्टी बांधली गेली, ध्वजांवर कुमिस शिंपडला गेला. चंगीझखानाने नेमून दिलेली जागा प्रत्येक कुळ अजून धरून आहे, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे, असे तो सांगतो. आणि उजव्या बाजूच्या टोकाची मानाची जागा चिरास कुळाची की बेगचिक कुळाची, यावरून चालत आलेला तंटाही नोंदवितो. ती पट्टी हाती धरलेला मंगोल ध्वजांकडे पाहून आपल्या भाषेत काहीतरी बोलला, असेही बाबर लिहितो. काय बोलला ते मात्र त्याने लिहून ठेवलेले नाही.